पाचवीचा कागद

धनज,
ता. १ डिसेंबर १९४६

ती. सौ. सोजरवहिनी यांना गोदावरीचा नमस्कार, आणि बनूच्या दोन्ही गालांना पापे.

आम्ही सगळे इथे बरे आहोत. तुमच्याकडची खुशाली कळवावी. हे पत्र तुम्हांला वाचून दाखवणारे तुमचे चुलते पुंजाजीकाका, त्यांनाही माझा नमस्कार. काका, मागच्या पत्रातल्या काही ओळी तुम्ही 'यात काई दम नाही' म्हणून गाळल्यात. तुमच्या अनसिंगहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानानं ते दादाला सांगितलं. या खेपेला तसं करू नका. मी बिनदमाचंच लिहिते आणि वहिनींना त्याची सवय आहे.

कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत. ज्या मिळतात त्या पदरात चिवडा बांधून आणतात आणि वेचण्यापेक्षा बोलतात जास्त. बाबांचा गुडघा थंडीनं पुन्हा धरला आहे. दादा पहाटे वावरात जातो, दिवे लागले की येतो, जेवतो, झोपतो. दिवाळीनंतर तो तुम्हांला घ्यायला आला होता आणि एकटाच परत आला. आईनं विचारलं तर म्हणाला, "तिची तब्येत अजून नाही." एवढंच.

ढवळी गाय व्याली. हे लिहावं की नाही याचा विचार करत मी थोडा वेळ बसले होते. आता लिहिलं आहे तर राहू दे.

तुम्ही गेल्यावर अमरावतीहून आणखी एक खोका आला. काका विचारतील, कसला खोका, म्हणून आधी ते सांगते. मी बी.ए. होऊन घरी आले तेव्हा बाबांनी गावभर पेढे वाटले. आमच्या घरात कुणी इतकं शिकलेलं नव्हतं, बाई तर नव्हतीच. पेढे संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "आता काय करशीन?" ते रागानं विचारत नव्हते. पेढ्यांपुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मला एक ठाऊक होतं. आपल्याकडचं पोर सहाव्या वर्षी शाळेत जातं, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा पुस्तक पाहतं त्याच दिवशी पहिल्यांदा छडीही पाहतं. मग जन्मभर त्याला ती दोन्ही एकच वाटतात. मला वाटलं, छडीच्या आधी पुस्तकाची ओळख झाली तर? अगदी पाळण्यात असल्यापासून? माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना मी लिहिलं. ज्या घरातली मुलं मोठी झाली आहेत त्या घरांतून त्या चित्रांची जुनी पुस्तकं मागून आणतात आणि खोक्यात भरून आमच्या लहान रुळांच्या आगगाडीनं धनजला पाठवतात. मी ती घरोघर देते. ज्या घरी पाळणा, त्या घरी पुस्तक. गावातही आणि बंजाऱ्यांच्या तांड्यातही.

लोक नाही म्हणाले नाहीत. फुकट आलेल्या वस्तूला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण पुढल्या वेळी गेले की पुस्तक दिसायचंच नाही. जमनाबाईकडे विचारलं तर तिनं वर बोट केलं. आढ्याला लाल फडक्यात बांधून टांगलं होतं.

"खाली ठेवलं तं पोरगं पाय लावते," ती म्हणाली. "पाय लागला का सरस्वती जाते."

"आणि वर टांगली तर?"

"वर राह्यते."

"पण जमनाबाई, वर टांगली तर पोराला दिसत नाही."

"सरस्वतीले पोरगं दिसते ना."

यावर काय बोलायचं ते मला कोणत्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. वर्षभर मी गावातल्या आढ्यांवरून आणि देव्हाऱ्यांतून पुस्तकं खाली काढत फिरले. पोराला चघळू द्या, फाडू द्या, फाटलं तर दुसरं देईन, असं सांगत राहिले. गेल्या उन्हाळ्यात कुठे जमनाबाईच्या पुस्तकावर पहिल्यांदा गुळाचं बोट दिसलं, एका पानाच्या कोपऱ्यावर दात दिसले. मी घरी येऊन तुम्हांला ते सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. आठवतं का?

बनूला तर पुस्तकाशिवाय जेवण जात नव्हतं. तुम्ही भाकरी थापायच्या, ती चुलीपाशी पाय पसरून बसायची, मी वाचायची, ती पानं उलटायची, बहुतेक वेळा माझं वाचून व्हायच्या आधीच. तुम्ही त्याला पुस्तक कधी म्हणाला नाहीत. बनूची पोथी, म्हणायच्या. तुम्ही पाठमोऱ्या असायच्या, पण सगळं ऐकायच्या. एकदा मी मुद्दाम एक ओळ गाळली तर तुमचा हात परातीवर थांबला होता.

आता पुस्तकं परत येत आहेत.

कुणी हाक मारत नाही. सकाळी दार उघडलं की ओट्यावर एखादं पडलेलं असतं. परवा एकावर दगड ठेवला होता. वारा नव्हता. जमनाबाईनं तिचं त्याच लाल फडक्यात बांधून, वर हळदकुंकू लावून ठेवलं, घरातून देवीची पाठवणी करावी तसं. त्याचं कारण मी लिहीत नाही. तुम्हांला ते ठाऊक आहे, आणि काकांना ठाऊक नसेल तर बरंच आहे.

मला राग येत नाही, वहिनी. थकायला होतं. दार उघडायच्या आधी मी थोडी थांबते आणि मग उघडते.

मोटारवाल्याबरोबर बनूसाठी एक पुस्तक पाठवते आहे. यात उंट आहे. बनूनं उंट पाहिलेला नाही. तिला सांगा, आत्यानंही पाहिलेला नाही.

आपली,
गोदावरी


धनज,
ता. ९ जानेवारी १९४७

ती. सौ. सोजरवहिनी यांना गोदावरीचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पत्र तुमचं, पण अक्षर, आवाज आणि राग तिन्ही पुंजाजीकाकांचे. तेव्हा मला उत्तरही आधी त्यांनाच द्यावं लागतं. तुम्ही तोवर बसा.

काका, बनूचं पुस्तक तुम्ही परत पाठवलंत ते मिळालं. त्याबरोबर लिहिलंत की, "शिकेल पोरीनं सटवीच्या पाटावरचा कोरा कागद काढला आन् छापेल पोथी ठेवली. देवीनं लिहावं कुठं? लेकरू कोऱ्या कपाळानं गेलं." मी ते वाचलं. बाबांनी विचारलं काय लिहिलंय, तर मी म्हटलं, खुशाली आहे.

पाचवीची रीत मलाही ठाऊक आहे. मूल पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी पाट मांडायचा, त्यावर कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि पोराच्या नशिबात जे आहे ते लिहून जाते. दसऱ्याच्या सुमारास आपल्या घरी बाळ झालं तेव्हा आमच्या सुइणीनं, रंगूबाईनं, तसाच पाट मांडला होता. सकाळी पाहिलं तर कागदाच्या जागी माझ्या खोक्यातलं पुस्तक होतं. त्याच दिवशी बाळानं दूध सोडलं. पुढचं तुम्हांला माहीत आहे. मला ते लिहायचं नाही.

काका, पुस्तक माझंच होतं. ते अमरावतीहून मीच मागवलं, मीच घरात आणलं. गाव म्हणतं, गोदीनं ठेवलं. गाव म्हणतं ते असू द्या. जे बोलायचं असेल ते मला बोला, पत्रातून बोला, समोर येऊन बोला, मी ऐकून घेईन. पण ते पाटावर कसं गेलं, कुणी नेलं, कुणी पाहिलं, याची विचारपूस घरात पुन्हा करू नका. वहिनींपाशी तर अजिबात नाही. एवढं माझं ऐका.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम जाऊन विचारून आले. कारंज्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. बाळाचा जबडा कसा आवळला होता, हात लागला की अंग कसं ताठ होत होतं. ते म्हणाले, हा धनुर्वात. नाळ कापताना विळ्याची घाण आत जाते, विष अंगात भिनायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून पाचवीच्या सुमाराला लेकरं जातात आणि लोक म्हणतात सटवी लागली. असं प्रत्येक गावात होतं, ते म्हणाले. पुस्तक नसलेल्या गावातही होतं.

काका, ही ओळ गाळू नका. वहिनींना दोनदा वाचून दाखवा.

रंगूबाईला यात कुणी दोष देऊ नये. तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर तंबाखू मळत बसली होती. मी म्हटलं, रंगूबाई, विळा पाण्यात उकळून घेत जा.

"विळा काय बटाटा हाये उकडाले?"

मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, तंबाखू तोंडात टाकली.

"तुह्या बापाची नाळ माह्या सासूनं याच विळ्यानं कापली. तो जगला का नाही?"

"जगले."

"तू जगली का नाही? बी.ए. झाली का नाही?"

मी घरी आले. पुढे काही दिवसांनी विहिरीवर तिनं मला एकटी गाठलं. घागर कमरेवर घेतली होती ती खाली ठेवली आणि म्हणाली, "उकळला तं धार जाईन का व?" मी म्हटलं, गेली तर दादा लावून देईल. "मंग पाह्यतो," ती म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली. या दोन महिन्यांत मला एवढंच मिळालं आहे. ते कमी आहे का जास्त, मला कळत नाही.

पुस्तकं अजून येत आहेत. आता मोजत नाही. बाबांनी खोका कोठीत नेऊन ठेवायला सांगितला. ओरडले नाहीत. म्हणाले, "लोकाले नाही पायजे तं कायले देऊन राह्यली? तू उद्या लगन होऊन जाशीन, आमाले याच गावात राहाचं हाये." मी आणि दादानं मिळून खोका उचलला आणि जवारीच्या पोत्यांमागे ठेवला. बाबांच्या पेढ्यांचं मला खूप वाईट वाटलं.

तांड्यातून मात्र एक पुस्तक परत आलं नाही. सोमलाची बायको गोमतीबाई बाजाराच्या दिवशी रस्त्यात भेटली तेव्हा मीच म्हटलं, तुमचंही आणून द्यायचं असेल तर द्या, मला वाईट वाटणार नाही. ती म्हणाली, "माहं पोरगं त्यातल्या वाघासंग बोलते. वाघ वापस केला तं त्याले काय सांगू, कुठी गेला?" तिला अक्षर येत नाही. ती चित्रं पाहून आपल्या बोलीत रोज वेगळी गोष्ट सांगते. वाघ कधी भला असतो, कधी चोर असतो. मी तिथेच रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसले. ती म्हणाली, "बाई, उन्हात काहून बसली?"

आता वहिनी, तुम्ही. काकांनी पत्राच्या शेवटी लिहिलं आहे की, सोजरला काय लिहू विचारलं तर म्हणते, खुशाल आहे लिहा. आणि त्याखाली लिहिलं आहे की, बनूनं गुळाचा कागद हातात धरला तर तुम्ही तो हिसकून चुलीत घातलात आणि पोर तासभर रडलं. काकांनी ते गंमत म्हणून लिहिलं की तक्रार म्हणून, मला कळलं नाही. मी ते एकदाच वाचलं. पुन्हा वाचायला घेतलं नाही.

संक्रांत झाली की दादा येईल. मूळ म्हणून न्यायला नाही, नुसता भेटायला. तुम्हांला निघायचं नसेल तर त्याला तसं सांगा, पण तो आला की लगेच परत पाठवू नका. तो कमी बोलतो, त्याचा अर्थ त्याला काही म्हणायचं नाही असा नाही, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

काका, शेवटची एक विनंती. तुम्ही बाबांच्या वयाचे, म्हणून मागते. दादाबरोबर मी बनूची उंटाची पोथी पुन्हा पाठवते आहे. या वेळी ती घरात येऊ द्या. वहिनींच्या हातात द्या. तुम्ही चष्मा लावायची गरज नाही, त्यात उंट-घोड्यांशिवाय काही नाही.

सगळ्यांना तिळगूळ. तुमच्या रागालाही.

आपली,
गोदावरी


धनज
२० जानेवारी

वहिनी,

हे बनूचं नाही. हे तुझं. पोथीचं शेवटचं पान कोरं होतं, तिथं लिहिते.

घाई नको. एक ओळ आज वाच, बाकी मग वाच. अवघड काही घातलं नाही. अडलं तर सोड आणि पुढं जा. काका हे बघणार नाहीत. लहान लेकरांची पोथी कोण वाचतो?

तुले वाचता येते, हे मले ठाऊक आहे. बनू झोपून जायची, भाकरी होऊन जायची, तरी तू चुलीपाशी बसायची. पान उलटायची. तुझं बोट ओळीखाली सरकायचं. ओठ हलायचे. मी आले की पोथी मिटायची. मी कुणाला बोलले नाही. तुले लाज वाटेल असं वाटलं. आता वाटते, तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता ते बोलते, जे काकांपुढं बोलता येत नाही.

पाचवीला रंगूबाई पाट मांडून घरी गेली. तू उठली. पाटावरचा कोरा कागद उचलला, उशाखाली ठेवला. पोथी पाटावर ठेवली. मग हात जोडले.

मी दारात होते. मी सगळं बघितलं.

मले राग नाही आला. मले हसू आलं. बाळानं पुढं खूप वाचावं, सटवीनं कपाळावर तेच लिहावं, एवढंच तू मागत होती. मले कळलं. मले वाटलं, गावात कुणी नाही तरी माझी वहिनी आहे. मी आनंदानं तशीच परत गेले.

बाळ गेलं ते पोथीनं नाही. तुझा हात लागून नाही. सटवीनंही नाही. नाळ कापली तो विळा घाण होता. पाट मांडला तेव्हा विष आधीच अंगात गेलं होतं. कोरा कागद असता तरी बाळ गेलं असतं. आपण दोघी जवळ होतो आणि काही ओळखलं नाही. कुणीच ओळखलं नाही.

वहिनी, तू काही केलं नाही. ही ओळ परत वाच.

गावाला वाटते, मी ठेवली. वाटू दे. मी कुणाला सांगणार नाही. आईला नाही, दादालाही नाही. तुले सांगावं वाटलं तर तू सांग. नाही वाटलं तर आपण दोघी आहोत.

आई दुसरी सून आणायचं बोलली. दादा जेवत होता. ताट तसंच ठेवून उठला, पाणी न पिता बाहेर गेला. आई परत काही बोलली नाही.

यायचं असेल तर ये. नसेल तर नको येऊ. मी रागावणार नाही. मी थकले आहे, वहिनी. खोका कोठीत आहे. कधी वाटते, तिथंच राहू दे. मग तुझं बोट आठवते, ओळीखाली सरकणारं, आणि वाटते, काढावा.

बनूला कागद धरू दे. फाडेल तर फाडू दे. जाळू नको. ती अजून कशालाच भीत नाही. तिला भिववू नको.

मले काही कळवायचं असेल तर काकांना सांगू नको. या पानाखाली जागा सोडली आहे. तूच लिही. वाकडं लिही, एकच ओळ लिही, चालेल. आणि काही लिहिणं नाही झालं, तर पोथी तुझ्यापाशी ठेव. दादा पोथीशिवाय आला की मी समजेन, तू हे वाचलं.

खालची जागा तुझी.

तुझी,
गोदा